डोक्यावरचा उजेड

गळती मिस्त्रीला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. जिथे छप्पर गळेल तिथे हा, म्हणून हे नाव. या खेपेला मात्र बोलावणं थोरल्या बहिणीचं होतं, आणि गळतीसाठी नव्हतं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या ताईला काळ्या कापडावरचा काळा टाका दिसेनासा झाला होता. दिवा लावूनही बिचारी चाचपून शिवायची.

"छतातून उजेड आण. नाहीच जमलं तर मशीन विकून टाकते," ती म्हणाली. त्याच मशीनवर तिने त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

खोलीचं छप्पर जवळजवळ सपाट, उतार आपला नावाला. मिस्त्रीने वर जाऊन बादलीभर पाणी ओतलं आणि ते कुठे रेंगाळतं ते पाहत बसला. खाली येऊन म्हणाला, "काच छपराला टेकवायची नाही. वीतभर उंच चौकट करू, तिच्यावर काच तिरकी. पाणी आलं तसं गेलं पाहिजे."

"आणि शेजारणीकडे आहे तो प्लॅस्टिकचा घुमट?"

"स्वस्त पडतो, पण चार वर्षांत पिवळा होतो."

"म्हणजे मी निळ्या कापडाला हिरवा दोरा लावायची! नको रे बाबा. काचच घाल, पण दुधी. थेट उन्हाने रंग उडतात."

इथवर भावंडांचं एकमत. मग त्याने मशीनच्या खुर्चीच्या बरोब्बर वर छताला खडूने चौकोन आखला. "हा घे तुझा उजेड, थेट डोक्यावर!"

ताई वर बघत राहिली. मग तिने पडदा ओढला. "बस खुर्चीत."

"मी?"

"मग कोण? मी तर रोजच बसते."

तो बसला. ती स्टुलावर चढली आणि चौकोनाजवळ बॅटरी धरली. "आता वाक, आणि सुईत दोरा ओव."

तो वाकला. त्याच्याच डोक्याची सावली सुईवर पडली. मान इकडे केली, तिकडे केली. सुई काही दिसेना.

"तीस वर्षं छपरं केलीस शहाण्या, खाली बसून कधी पाहिलंस का?"

खरंच नव्हतं पाहिलं. पाणी कुठून शिरेल एवढंच तो बघत आला. बाजारातल्या घड्याळजीच्या दुकानात त्याने असाच खुर्चीच्या बरोब्बर वर छतात झरोका बसवला होता. तरी म्हातारा भर दुपारी दिवा लावून बसायचा, आणि मिस्त्रीला वाटायचं, खोड आहे झालं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने चौकोन पुसला आणि हातभर पुढे, डावीकडे आखला.

काच बसली त्या सकाळी ताईने काळं कापड मशीनखाली सरकवलं. एक शिवण मारली आणि बोटाने न चाचपता नुसती पाहिली.

"दिसतंय रे," ती म्हणाली.

मिस्त्रीने डोळे पुसले आणि शिडी खांद्यावर घेतली.

"अरे, चहा तरी घे! एवढी कसली घाई?"

"घड्याळजीकडे जातो. त्याच्या खुर्चीत जरा बसून बघायचंय."