रिकाम्या गाडीचं वजन

गाडीत टीव्ही लावायचा नाही, असं त्या दोघांचं ठरलेलं होतं. फिरतं घर घ्यायचं ते खिडकीबाहेर बघायला, असं नवऱ्याचं म्हणणं होतं आणि तिलाही ते तेव्हा पटलं होतं. आता तो जाऊन चौदा महिने झाल्यावर तिने मिस्त्रींना पहिलं काम सांगितलं ते टीव्हीचंच.

"पलंगावरून दिसला पाहिजे. आणि आवाज चांगला मोठा हवा."

"शेजारच्या गाडीत ऐकू जाईल एवढा?"

"जाऊ दे की. आत दोन-चार माणसं आहेत असं वाटू दे त्यांना."

मिस्त्रींनी उभी हयात लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवण्यात घालवली होती, आणि आता म्हातारपणी ते गाड्यांना घरपण देत होते. गाडीचा पत्रा पातळ, म्हणून त्यांनी आधी आतून जाड फळी ठोकली, तिच्यावर दुमडता लोखंडी दांडा बसवला आणि टीव्ही असा अडकवला की खड्ड्यातून गाडी गेली तरी तो हलू नये. मग पलंगाखाली तिजोरी बसवली. तिचे चार बोल्ट जमिनीच्या पत्र्यातून आरपार नेऊन खालच्या सांगाड्याला आवळले.

"आता चोराला तिजोरी हवी असेल तर अख्खी गाडीच न्यावी लागेल," ते गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले.

"हे भाऊजींना ऐकवा एकदा."

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, म्हणून त्याचा शब्द डावलता येत नव्हता. एकट्या बाईने फिरायचं म्हणजे चोराचिलटांचं भय, असं तो म्हणाला, तेव्हा तिने तिजोरी सांगितली. एकटेपणा खायला उठेल म्हणाला, तेव्हा टीव्ही सांगितला. खरी गोष्ट मात्र त्याने एकदाच, आणि तीही खाली बघून, काढली होती: ज्या गाडीत माणूस गेला, ती गाडी घरात कशाला ठेवायची? शेवटी असं ठरलं की गुरुवारच्या तपासणीत गाडी पास झाली तर ती वहिनींची, नाही तर भाऊजींनी बघून ठेवलेलं गिऱ्हाईक गाडी घेऊन जाईल.

नवरा गाडीतच गेला होता हे खरं. रस्त्याच्या कडेला गाडी नीट लावून, इंजिन बंद करून, काच खाली करून तो गेला. शेजारच्या सीटवर ती होती. मदत यायला वीस मिनिटं लागली असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती दोन तास तशीच बसून राहिली होती, आणि मग कधीतरी उतरली होती.

तपासणीत मुख्य परीक्षा वजनाची. गाडीतली माणसं उतरवून रिकामी गाडी काट्यावर घ्यायची, त्यात चालकाचे म्हणून पंच्याहत्तर किलो धरायचे, आणि बेरीज साडेतीन हजारांच्या आत आली पाहिजे. तिजोरी आणि टीव्ही बसल्यावर आकडा कुठे जातो ते आधीच बघून घ्यावं, म्हणून बुधवारी सकाळी ती आणि मिस्त्री गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गेले. मागे पलंगावर बसून आलेले मिस्त्री आधीच उतरले होते. ती गाडी काट्याच्या पत्र्यावर घेऊन थांबली. बाहेरच्या पाटीवर लाल आकडा उमटला: ३४३०.

"आता तुम्ही उतरा, बाई," काटेवाला खिडकीतून म्हणाला.

ती उतरली आणि पत्र्याबाहेर जाऊन उभी राहिली. पाटीवर ३४३० होतं.

काटेवाल्याने आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, तुम्ही जेवता की नाही?"

तिला हसू आलं नाही. बावीस वर्षं तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत तराजू सांभाळले होते, आणि तीनदा मोजल्याशिवाय आकडा वहीत लिहायचा नाही हे शेकडो मुलांना बजावलं होतं. ती पुन्हा चढली, पुन्हा उतरली, ३४३०. तिसऱ्यांदाही तेच. मग तिने मिस्त्रींना चढवलं. ते चढले तशी पाटी ऐंशी किलोंनी वर गेली, उतरले तशी ऐंशींनी खाली आली. शेवटी गाडी बाजूला काढून ती एकटीच त्या अवाढव्य पत्र्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि पाटीने निमूटपणे साठ दाखवले.

"म्हणजे काटा बरोबर आहे," मिस्त्री सावकाश म्हणाले. "तुम्ही बरोबर आहात. गाडीही बरोबर आहे." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी हातावरच बेरीज मांडली. "तीन हजार पाचशे पाच. पाच किलोंनी अडतोय आपण. टीव्ही आणि त्याचा दांडा मिळून नऊ भरतात. काढून टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे."

"टीव्ही राहील."

"तिजोरीला हात लावला तर सगळी जमीन उचकटावी लागेल."

"तिजोरीही राहील. ह्या दोन्ही वस्तू मी मागून घेतल्या आहेत. जे मी मागितलेलं नाही, ते काढायचं."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. वयाने मोठ्या माणसाने समजावून सांगावं तसं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

गुरुवारी दीर वेळेआधीच येऊन काट्याजवळ उभा होता. सोबत तपासणीचे साहेब होते. साहेबांनी टीव्ही हलवून पाहिला, तिजोरीचे बोल्ट वाकून मोजले, चांगलं काम झालंय असा शेरा दिला आणि तिला उतरायला सांगितलं. ती उतरली. पाटीवर ३४३० होतं.

"पाच जास्त होतायत," साहेब म्हणाले.

"वहिनी, राहू दे आता," दीर हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. "दादालाही हे आवडलं नसतं."

"दादाला टीव्ही आवडत नव्हता, भाऊजी. बाकी त्याचं नाव घेऊन बोलू नका. साहेब, एक मिनिट."

ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. पत्र्याबाहेरच्या सिमेंटवर दोन्ही पाय घट्ट रोवून, हात लांबवून तिने शेजारच्या सीटचं दार उघडलं. ह्या सीटवर चौदा महिन्यांत कुणी बसलेलं नव्हतं. सीट रिकामी होती. सकाळचं ऊन तिच्यावर सपाट पडलं होतं. ती त्या उन्हाकडे बघत, घरातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "पुष्कळ बसलीस. आता उतर. गाडी मला न्यायची आहे."

काही झालं नाही. पलीकडे दीर घसा खाकरत होता. तिने दार धरून ठेवलं. एखाद्या अवघडलेल्या माणसाला उतरायला वेळ द्यावा तसा वेळ दिला, आणि मग, कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं, एक पाऊल बाजूला सरकून वाट करून दिली.

"हं, ३३७०," काटेवाल्याने आतून आवाज दिला. "आला खाली."

साहेबांनी बेरीज केली, कागदावर शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला. दीर गाडीकडे न बघता म्हणाला, "पोचलीस की फोन कर." मिस्त्री मात्र गाडीकडेच, त्या उघड्या दाराकडे बघत होते. तिने दार लावलं, वळसा घालून स्टिअरिंगमागे बसली आणि गाडी सुरू केली.

काट्यावरून उतरताना चाकं धाडकन आदळली. आरशात तिला मागची पाटी दिसली, आरशातले आकडे उलटे, पण इतकी वर्षं आकडेच वाचत आलेल्या तिला त्याचं काही नव्हतं. पाटी शून्यावर आली. क्षणभर शून्यावरच थांबली. मग तिच्यावर साठ उमटले.

"बाई," काटेवाला खिडकीतून ओरडला, "तुमचं कुणीतरी काट्यावर राहिलंय."

दीर, साहेब आणि मिस्त्री तिघेही पत्र्याबाहेर उभे राहून रिकाम्या पत्र्याकडे बघत होते. तिने ब्रेककडे नेलेला पाय परत घेतला. समोर रस्ता मोकळा होता, कागद खिशात होता, मागे टीव्ही आणि तिजोरी जागच्या जागी होती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ती बसली तेव्हापासून तिच्या खालची सीट दबलेली नाही. स्पंज कसा नव्यासारखा फुगलेला होता. तिने एकदा खाली पाहिलं, आणि गिअर बदलला.