ढिले वाटलेले सात पेच

मी एक जुना लघुलहरी, म्हणजे शॉर्टवेव्हचा, रेडिओ आहे, मित्रांनो, आणि जे घडले त्यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटातले सात पेच केसाएवढे फिरवून जुळवले आणि ते हलू नयेत म्हणून प्रत्येकावर मेणाचा थेंब सोडला. हे पेच काही सांधत नाहीत. त्यांच्यामुळे दूरदेशीचे क्षीण स्वर ऐकू येतात. चाळीस वर्षे मी ते ऐकवले, वाहवा मिळवली; मग माळ्यावर धूळ खाल्ली आणि शेवटी कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्या अप्पारावांच्या ताडपत्रीवर येऊन बसलो.

तिथे धावडा गावचे निवृत्त शिक्षक धम्मपाल सर आले. ज्या परदेशी रेडिओ केंद्रावरचा बुद्धवंदनेचा पाली पाठ ते लहानपणी वडिलांबरोबर ऐकत, ते केंद्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा पाठ देऊन लघुलहरीवर कायमचे बंद होणार होते.

"हा घ्या सर, बिलकुल चकचकीत," अप्पारावांनी माझ्या शेजारच्या रेडिओकडे बोट दाखवले.

"चकाकी कानाला ऐकू येत न्हाई, अप्पाराव. एफएमवर तर समदेच गातेत. लघुलहरीवर लावा."

शेजारी मुका निघाला. माझ्यावर मात्र सरांनी चार केंद्रे ऐकली, मागचे झाकण उघडायला लावले, मेण शाबूत पाहिले. "कुणी हात लावलेला न्हाई. हाच द्या." इतकी विद्वान निवड मी पाहिली नव्हती. सर चहाला गेले.

अप्पाराव मूळचे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे. गिऱ्हाइकाला माल कसून द्यायचा, हा त्यांचा बाणा. त्यांनी मेण मळ समजून खरवडले आणि सातही पेच, अत्यंत सद्भावनेने, शेवटपर्यंत आवळले. मला ओरडता आले नाही. इतरांचे आवाज पोहोचवण्यात आयुष्य गेले, स्वतःचा आवाज मला नाही. सर परतले तेव्हा मी पिशवीत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी सरांनी छपरावर तार बांधली, घड्याळ पाहिले आणि मला सुरू केले. पट्टीभर नुसती खरखर. त्यांनी झाकण उघडले, आत मेण खरवडलेले पाहिले आणि अप्पारावांना फोन लावला.

"पेच समदे ढिल्ले होते, सर," अप्पाराव अभिमानाने म्हणाले. "एसटीत हादरे बसतेत, म्हणून बराबर कसून देले. वाजून राह्यला ना?"

सरांनी झाकण पुन्हा बसवले. "वाजून राह्यला," ते म्हणाले.

मग पाठाची वेळ संपेपर्यंत ते माझ्या खरखरीसमोर हात जोडून बसले. हे अप्पारावांना कुणी सांगितलेले नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो: जुन्या वस्तूत काही ढिले दिसले, तर पेचकस उचलण्याआधी विचारा, ते तसे कुणी आणि का ठेवले. विचारायला क्षण पुरतो. ते केंद्र आता पुन्हा लागणार नाही.