रज्जाकसेठची विहीर

मलकापूरच्या कापूस बाजारात रज्जाकसेठना कुणी परलोकाच्या नावाने घाबरवू शकेल, असं त्यांच्या वैऱ्यांनाही वाटलं नसतं. हा माणूस दर शुक्रवारी नेमाने मशिदीत जायचा, पुढच्या रांगेत बसायचा आणि मौलवींचं बयान सुरू झालं की मान खाली घालून शांतपणे डुलकी काढायचा. लोकांना वाटे, सेठ किती मन लावून ऐकतात. पण त्या शुक्रवारी घोळ झाला. आदल्या दिवशी छातीत कळ येऊन गेली होती, त्यामुळे झोप लागेना, आणि झोप लागली नाही म्हणून बयान कानावर पडलं. मौलवी सांगत होते की माणसाने डोळे मिटले की त्याची सगळी कामं थांबतात, फक्त तीन गोष्टी मागे चालू राहतात. लोकांच्या कायम उपयोगी पडणारा दानधर्म, म्हणजे सदका-ए-जारिया. लोकांच्या कामी येणारं इल्म, म्हणजे ज्ञान. आणि आईबापासाठी दुआ मागणारी नेक औलाद.

सेठनी तिथेच बसून स्वतःची झडती घेतली. औलाद नव्हती. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा कधी हलला नव्हता. इल्म म्हणाल तर भरपूर होतं. वजनाआधी रुईवर किती पाणी मारलं म्हणजे गठाण जड होते आणि तरी हाताला ओल लागत नाही, हे अख्ख्या तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण हे इल्म आपल्यामागे लोकांनी वापरत राहावं आणि त्याचं फळ आपल्याला कबरीत पोहोचावं, असं काही त्यांना वाटेना. म्हणजे आज मेलो तर मागे काहीच नाही, नाव घ्यायलाही कुणी नाही. हा विचार पोटात शिरला तो काही केल्या बाहेर निघेना. माणूस कितीही लबाड असो, ही भीती मात्र त्याची खरी होती.

तेव्हा विहीर बांधायचं ठरलं. इतकी वर्षं सेठनी कापसाला पाणी पाजलं, आता माणसांना पाजणार होते. जागा निवडली आपल्या जन्मगावची, वडनेर भोलजीची. तिथे वडिलांच्या घरात त्यांची थोरली विधवा बहीण सुगराबी एकटी राहत होती. गाव खारपाणाचं. जमिनीखाली पाणी लागायचं, पण जिभेवर ठेववत नसे. बाया पाऊण मैल चालून नदीवर जात, वाळूत हातभर खड्डा उकरत आणि त्यात हळूहळू झिरपलेलं गोडं पाणी वाटीवाटीने घागरीत भरत. त्या खड्ड्याला झिरा म्हणत. एक घागर भरायला चांगला तास जाई. अशा गावात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे खरोखरच जन्नतीचं काम, यात शंका नाही.

सेठनी कडूबा पाणाड्याला बोलावलं. कडूबा दोन दिवस शिवारभर अनवाणी हिंडला, माती चाखत बसला आणि शेवटी नाल्याकाठच्या बाभळीखाली येऊन उभा राहिला. इथे खणा, म्हणाला, अख्ख्या शिवारात गोडं पाणी असलं तर इथेच. सेठनी चहूकडे पाहिलं. आजूबाजूला बाभळी, दोन शेळ्या आणि एक मोडका बांध होता.

"इथून कोण जाते बे?" त्यांनी विचारलं.

"इथून कोणी जात नाही. पण पाणी इथंच आहे, सेठ."

सेठना हे पटलं नाही. सवाब, म्हणजे पुण्य, मिळायला माणसं प्यायला हवीत, आणि प्यालेल्या माणसाला कुणाचं पाणी प्यालो ते कळायला हवं. बाभळीच्या काट्यांत दगड लावला तर वाचणार कोण, शेळ्या? नांदुऱ्याच्या सडकेला लागून, जिथे दिवसभर कापसाच्या गाड्या जात, ती जागा त्यांनी पक्की केली. कडूबाने तिथली चिमूटभर माती जिभेला लावली, थुंकली आणि पाठ फिरवली. सांगायचं ते त्याने सांगितलं होतं.

विहिरीला पाणी लागायच्या आधी बऱ्हाणपूरहून दगड येऊन पडला. वर चांदतारा, खाली तीन लिप्यांत मजकूर. उर्दू आपल्या लोकांसाठी, मराठी गावासाठी आणि इंग्रजी नागपूरहून कधी कुणी साहेब या सडकेने गेलाच तर त्याच्यासाठी. खुदाच्या नावाने ही विहीर बांधली, असं तिन्हींत लिहिलं होतं. मात्र रज्जाकसेठ हे नाव ज्या आकारात होतं, त्याच्या निम्म्या आकारात खुदा होता. कारागिराची चूक असेल म्हणावं, तर नमुना सेठनी स्वतः काढून दिला होता.

अठ्ठावीस हातांवर पाणी लागलं. भरपूर लागलं. खणणाऱ्यांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि एकमेकांकडे पाहून बाजूला टाकलं. सेठनाही कळवलं गेलं. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. नवं पाणी आहे, म्हणाले, चार महिने उपसलं की गोडं होईल. आमंत्रणं गेली होती, तालुक्याचे मोठे अंमलदार येणार होते, आता पाण्याने ऐनवेळी नाक मुरडलं म्हणून काय कार्यक्रम मोडायचा? त्यांनी सुगराबीला निरोप धाडला की पाहुण्यांसाठी झिऱ्याचं पाणी भरून ठेव. ती बिचारी पहाटेपासून सहा खेपा करून आली. भर मांडवात विहिरीत बादली सोडली गेली, रहाट कुरकुरला, टाळ्या पडल्या आणि पडद्यामागून झिऱ्याचं पाणी चांदीच्या पेल्यात घालून साहेबांच्या हातात आलं. साहेबांनी पाण्याची मनापासून तारीफ केली. अशी चव उभ्या वऱ्हाडात नाही, म्हणाले. सेठनी नम्रपणे खाली पाहिलं.

चार महिन्यांनी पाणी आणखी खारं झालं. सडकेने जाणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. लांबून विहीर दिसे, चिरेबंदी कठडा दिसे, जीव हरखून जाई. माणूस गाडी सोडी, बैलांना सावलीत उभं करी, अठ्ठावीस हात दोर ओढी, ओंजळ तोंडाला लावी आणि नेमका समोरच्या दगडावर फुर्रकन थुंके. थुंकायला तेवढीच उंच जागा होती. मग बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढे जाई. मलकापूरच्या अडतीत बसून सेठना हे सगळं साग्रसंगीत कळत होतं, कारण अशी बातमी पोहोचवायला कुणालाही सांगावं लागत नाही.

शेवटी न राहवून ते मौलवींकडे गेले. माझा एक ओळखीचा आहे, त्याने चांगल्या मनाने काही केलं आणि त्याचा लोकांना ताप झाला, तर मेल्यावर त्याचं काय, असं त्यांनी आडून विचारलं. मौलवी भोळे होते, त्यांना खरंच ओळखीचाच वाटला. ते म्हणाले की नियत कसली होती ते अल्लाहला ठाऊक, पण मागे भलं ठेवलं तर ते जसं चालू राहतं, तसा मागे ठेवलेला त्रासही चालूच राहतो, तेव्हा त्याला म्हणावं जिवंत आहे तोवर निस्तर. सेठना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चिरेबंदी काम होतं, शंभर वर्षं हलणार नव्हतं. म्हणजे शंभर वर्षं लोक थुंकणार.

त्यात बातमी आली की विहिरीला टेकून कुणीतरी दोन रांजण पुरलेत, त्यांत रोज झिऱ्याचं गोडं पाणी असतं आणि आता विहिरीकडे कुणी फिरकत नाही. ज्यांना चालतं ते पितात, आणि ज्यांना मुसलमानाचं पाणी चालत नाही ते सडकेवर कुणी नाही असं पाहून पितात. ऐकून सेठच्या अंगाची लाही झाली. निस्तरायचं राहिलं बाजूला. विहिरीच्या नाकासमोर पाण्याचे रांजण म्हणजे विहीर खारी आहे अशी दवंडीच, आणि शिवाय त्यातला एक दगडाच्या मराठी ओळींच्या आड येत होता. दुसऱ्याच दिवशी दमणी जुंपून ते वडनेरला निघाले. रांजण फोडायचे, मग बहिणीकडे जेवायचं आणि उन्हं उतरली की परत, असा बेत होता.

चैताचं ऊन. विहिरीपाशी उतरून पाहतात तर दोन्ही रांजण कोरडे ठणठणीत. सेठना बरं वाटलं. चार दिवसांची हौस होती, फिटली असेल. काठी घेतलेली होती, पण रिकामे रांजण फोडण्यात काही गंमत वाटेना, म्हणून आधी ते घरी गेले. सुगराबी तापाने फणफणत खाटेवर पडली होती. उशाशी घागर होती आणि घागरीवर वाटी पालथी घातलेली. सेठना एका क्षणात सगळं कळलं. त्यांना तिचा राग यायला हवा होता, पण तिचे पाय पाहून तो आला नाही. नदीच्या तापलेल्या वाळूने टाचा फाटून त्यांत रक्त साकळलं होतं.

"आपा, हे काऊन केलं तू?"

"एक दिवस एक गाडीवान थुकला," सुगराबी म्हणाली, "अन् तुह्या नावानं माय-बहिणीवरून बोलला. मी तिथूनच येऊन राह्यली होती. माह्यानं ऐकवलं नाही रे. म्हणून रांजण ठेवले. भरताना रोज म्हणते, या अल्लाह, याचा सवाब रज्जाकले पोहोचव."

तिने त्यांच्या हातातली काठी पाहिली.

"फोडाले आला ना तू?"

बाजारात शंभर जणांना एका श्वासात उडवून लावणाऱ्या माणसाने काठी पाठीमागे लपवली. त्यांना लाज वाटली, अगदी सरळ सरळ लाज वाटली.

"फोड," ती म्हणाली. "तुह्या विहिरीजवळ आहेत, तुहाच हक आहे. पण आज लय ऊन आहे, रज्जाक. आजच्यापुरते भर, अन् उद्या फोड."

सेठ माणूस शोधायला बाहेर पडले. नांदुऱ्याचा बाजार होता, गाव रिकामं होतं. दमणीवाला बैल घेऊन नाल्यावर गेला होता. पारावर एक जण भेटला, त्याची कंबर नेमकी त्याच क्षणी धरली. शेवटी मलकापूरच्या नामांकित अडत्याने घागर स्वतः उचलली, जरीची टोपी काढून खिशात कोंबली आणि नदीची वाट धरली. झिऱ्यातलं पाणी सेठ लोकांची घाई ओळखत नाही. वाटीभर काढलं की थांबायचं, झिरपू द्यायचं, पुन्हा वाटी. तास गेला. भरलेली घागर खांद्यावर घेताना निम्मी अंगावर सांडली. दुसऱ्या खेपेला कमी सांडली. तिसऱ्या खेपेला छाती धपापत होती, तरी पहिला रांजण गळ्यापर्यंत आला.

तेवढ्यात सडकेने एक पिंजारी आला. गावोगाव गाद्या पिंजत फिरणारा बशीर. त्याने खांद्यावरची कापूस पिंजायची धनुकली उतरवली, सलाम केला आणि रांजणातून तीन वेळा लोटा भरून गटागटा प्याला. चौथा डोक्यावर ओतला. मग तोंड पुसत त्याने दगडाकडे पाहिलं.

"चाचा, एवढं मोठं काय लिहेल आहे हो? मले वाचता येत नाही. या सडकेनं माह्यासारखेच लय जातात."

सेठ दगडाकडे पाहत राहिले. तीन लिप्या, ठसठशीत अक्षरं, आणि हे वाचून दाखव म्हणणारा सहा महिन्यांतला पहिला माणूस. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो क्षण लोटा हातात घेऊन समोर उभा होता. त्यांनी घसा खाकरला.

"सुगराबीचं पाणी," त्यांनी वाचून दाखवलं. "असं लिहेल आहे."

"आहे का ती बाई?"

"आहे. तापानं पडली आहे."

बशीरने तिथेच दोन्ही हात पसरले. अल्लाह तिला शिफा देवो आणि तिच्यामागेही हे पाणी चालू ठेवो, असं म्हणून त्याने हात तोंडावरून फिरवले आणि धनुकली उचलून तो चालू लागला. सेठनी आमीन म्हटलं. आपलं नाव त्यात आलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण त्याचं काही वाटलं नाही.

आता खोटं बोलणं हा गुन्हाच. माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात, उजवा चांगलं लिहितो, डावा वाईट. सेठचं हे खोटं कुणी लिहून घ्यायचं, ते त्या दोघांनी आपसात ठरवावं. सेठना त्यात लक्ष घालायला सवड नव्हती. दुसरा रांजण अजून रिकामा होता.