काशिरामचा खुंट

मित्रांनो, सोनाबाईच्या अंगणात सुकट वाळत घालतात ना, तिथे एक काळं, शिंपल्यांनी खरवडलेलं लाकूड आडवं पडलंय. क्रिकेट खेळून दमलात की तुम्ही त्याच्यावरच बसता. तो मी. आधी मी उभा होतो.

मी ताडाचा खुंट. काशिरामच्या बापाने मला पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी, ओहोटी बघून चिखलात रोवलं. माझ्या अंगाला डोल बांधायचे, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. पाणी उतरायला लागलं की मासे आपोआप आत. आमच्याकडे रीत अशी, की खुंट ज्याचा, जागा त्याची. बापानंतर पोराची. खुंट निघाला की हक्कही गेला. दर नारळी पुनवेला माझ्यापाशी नारळ सोडायचे. मला वाटायचं हे असंच चालणार.

मग नव्वद साल उलटलं आणि डोल हलकी यायला लागली. कधी नुसता चिखल, कधी प्लास्टिक.

तेव्हा मासेमारी खात्याच्या पद्मजा मॅडम आल्या. खाडीवरच्या तिन्ही गावांना त्यांनी बंदरावर बसवलं. म्हणाल्या, "पिल्लं या तोंडाशी जन्मतात, पुढच्या गावापाशी वाढतात, त्याच्या पुढे मोठी होतात. एकट्या गावाने पाणी राखून काय उपयोग? तिघांनी आपापला एकेक तुकडा बंद ठेवायचा. एकाने मोडलं की तिघांचं मोडलं."

हे सगळ्यांना पटलं. पण हद्द दाखवायला त्यांनी कळंबोलीहून लोखंडी खांब आणले होते. तिथेच गाडं अडलं.

पलीकडच्या गावचा धर्मराज उठला. "मॅडम, आमच्या शेतात बी आधी सरकारचे खांबच आले व्हते. मागून मानसं आली. मंग शेत गेलं. आता पान्यात खांब?"

"अहो, ही फक्त हद्द आहे."

"तवा बी हद्दच व्हती."

खांब बंदरावरच गंजले. शेवटी ठरलं, की प्रत्येक गावाचा कडेचा खुंट हीच हद्द. त्याला जाळं बांधायचं नाही. आमच्या गावातून माझा नंबर लागला.

काशिरामने डोल सोडून घरी नेली. मी नुसता उभा. बिनकामाचा, पण मानाचा. आणि तेव्हापासून माझ्याकडे सगळे संशयानेच बघायला लागले.

धर्मराज होडी मुद्दाम माझ्या जवळून न्यायचा. "राखनदार बी तू, मालक बी तूच. मजा हाय तुझी, काशिराम."

काशिराम तरी कुठे कमी होता? तो धर्मराजच्या खुंटाकडे डोळे बारीक करून बघत बसायचा. पनवेलच्या बाजारात काशिरामची बायको सोनाबाई धर्मराजच्या बायकोच्या, कृष्णाबाईच्या, टोपलीत डोकवायची.

"येवढी कोलंबी कुठची गो?"

"खाडीची. का, जप्ती आनलीस?"

घरी येऊन सोनाबाई हेच काशिरामला ऐकवायची आणि काशिराम ते मला येऊन सांगायचा. मी कुणाला सांगणार?

असं एक वर्ष निघालं. मग एका अमावस्येला मोठं उधाण आलं. कुठलं तरी फाटकं जाळं वाहत आलं आणि माझ्याभोवती गुंडाळलं गेलं. मला पोट आवळल्यासारखं झालं. मी म्हटलं, उजाडलं की काशिराम सोडवेल.

पहिला आला धर्मराज. जाळं बघितलं आणि असा ओरडला की दोन्ही काठांवरून होड्या निघाल्या. त्याने कोयत्याने ते खसाखसा तोडलं आणि काशिरामच्या होडीत फेकलं. "घे तुजा माल."

मित्रांनो, त्या जाळ्याला गाठ नव्हती. नुसता गुंता होता. पण खुंटाला जाळं म्हणजे खुंटवाल्याचं जाळं, हे आमच्या लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की सगळ्यांनी माणूस शोधला. गाठ कुणीच शोधली नाही. आणि तोडल्यावर शोधणार तरी काय?

दुपारी बंदरावर बैठक बसली. धर्मराज म्हणाला, "उद्यापासून आमी बी डोल टाकतो." तिसरं गाव म्हणालं, मग आम्ही का गप्प बसू? पद्मजा मॅडम काशिरामकडेच बघत होत्या. मला वाटतं त्यांनाही काशिरामवरच संशय होता.

काशिराम म्हणाला, "खुंट काढतो मी."

सोनाबाई तिथेच उभी राहिली. "येडा झालास? आपल्या प्रनितला काय ठेवशील?"

"खाडीत मासा नाय तर पोरगा काय खुंट चावल?" मग धर्मराजकडे वळून म्हणाला, "तुजी होडी लागल."

कारण खुंट हाताने निघत नाही. ओहोटीला दोन्ही बाजूंना दोन होड्या लावतात, मधे आडवा वासा टाकतात आणि खुंट त्याला आवळून बांधतात. मग नुसतं बसून राहायचं. भरती चढते, होड्या उचलल्या जातात आणि खुंट उपटून निघतो. जड काम पाणी करतं.

एका होडीत काशिराम, दुसरीत धर्मराज. दोघं समोरासमोर. पाणी चढत होतं. वासा करकरला. माझ्या पायाखालचा चिखल सुटायला लागला, तसा धर्मराजचा हात दोरीकडे गेला.

"ऱ्हाऊ दे, काशिराम. सोडतो मी."

"नको. उद्या परत बगशील माझ्याकडं."

मी निघालो. बापाने रोवलेला, लेकाने काढला. जिथे उभा होतो तिथे बुडबुडे आले आणि पाणी सपाट झालं.

धर्मराजने त्या जागेवर वल्हं फिरवून बघितलं. मग म्हणाला, "आता हद्द कशी कलायची?"

"तुला म्हाईत हाय ना? मला बी म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी बंद तुकड्यात कुणीच डोल टाकली नाही. तीन वर्षं झाली, अजून टाकत नाहीत. खाडीत बोईट मासे परत दिसायला लागलेत. धर्मराज मात्र अजून तिथून जाताना मान वळवून बघतो. बघू दे. राखायचं म्हणजे बघायला लागतंच.

माझं एवढंच मागणं आहे. पाणी राखा. आणि उद्या कुणाच्या खुंटाला जाळं दिसलं, तर कोयता काढायच्या आधी जवळ जाऊन हाताने चाचपून बघा, गाठ आहे की गुंता. मला तेव्हा सांगता आलं नाही. आता तुम्ही माझ्यावर बसलाच आहात, म्हणून सांगतोय.