एकोणीस दिवसांच्या कंपनीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वयाने नाही हां, अनुभवाने जुना. माझी नोकरी टिकली मोजून एकोणीस दिवस, आणि तेव्हापासून मी पेन्शनीत आहे. असं नशीब भल्याभल्यांना मिळत नाही.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानाला खेटून असलेल्या एका टपरीवजा दुकानात झाला. शिक्केवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "संध्याकाळी या." त्याच्याकडे दुसरं काम काहीच नव्हतं, अर्ध्या तासात मी तयार झालो. लाकडी मूठ, खाली रबर, रबरावर उलटी अक्षरं. शेजारी आणखी दोघे सुकत पडले होते. एक 'तातडीचे' आणि एक 'प्रत खरी आहे'.

'तातडीचे'ने विचारलं, "तुझी कंपनी काय बनवते रे?"

"काही नाही."

"माणसं किती?"

"एकही नाही."

"मग तू कशाला?"

मला असा राग आला, की हात असते तर त्याला शाईच्या डबीत बुडवला असता. पण त्याचा प्रश्न बरोबर होता, हे मला नंतर कळलं.

माझ्यावर नाव होतं 'निळी बादली कंपनी'. हे नाव मला बनवून घेणाऱ्या वकीलबाईंनी ठेवलं. नोंदणीच्या फॉर्मवर नाव लिहायचं होतं, सुचलेली तिन्ही नावं आधीच कुणीतरी घेतलेली, आणि समोर फरशी पुसणाऱ्या काकूंची बादली. झालं बारसं.

वकीलबाई मला पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या त्या 'काडेपेटी'च्या ऑफिसात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पहिला मजला. बारा माणसं, एक खिडकी आणि जमिनीवर वायरींचा असा गुंता, की नवा माणूस पहिल्या दिवशी पडायचाच. काडेपेटी ही व्हिडिओ गेमची पब्लिशर. पुस्तक लिहिणारा वेगळा आणि छापून विकणारा वेगळा, तसंच गेमचं असतं. गेम बनवणारे आपापल्या घरी बसून बनवतात, आणि काडेपेटी तो तपासते, सजवते, बाजारात नेते. ही कंपनी काढली ताईने. ती कुणाची सख्खी ताई नव्हती, पण तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची.

एका मोठ्या कंपनीला काडेपेटी विकत घ्यायची होती, आणि वकीलबाई तिच्याच कामाला होत्या. ताईलाही विकायची होती. कॉम्प्युटर म्हातारे झाले होते, नवे गेम मोठे व्हायला लागले होते, एकटीच्या खांद्याला ते पेलत नव्हतं. तिची अट एकच. बाराही माणसं राहिली पाहिजेत, दारावरचं नाव राहिलं पाहिजे आणि गोगलगाय गेली नाही पाहिजे.

गोगलगाय म्हणजे त्यांचा सगळ्यात लाडका गेम. एक गोगलगाय भिंत चढते, बस. पण लोक वेडे व्हायचे त्याच्यापायी. तो बनवला होता एका काकांनी, एकट्याने, सात वर्षं बसून. आणि त्यांच्या करारात एक ओळ होती. हा करार दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नावावर गेला, तर गेम माझा मला परत. मोठ्या कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं, गोगलगाय नसेल तर आम्हाला काडेपेटी नको.

"मग काकांची एक नवी सही घेऊ या की," वकीलबाई म्हणाल्या.

ताई हसली. "काका नव्या कागदावर सही करत नाहीत. एकदा केली होती, त्यानंतर कानाला खडा. ते म्हणाले, मालक बदल, रंग बदल, पण घर मोडू नकोस. घर मोडलं तर मी गोगलगाय उचलून चाललो."

मग वकीलबाईंनी टेबलावरचे चहाचे कप पुढे ओढले. मित्रांनो, एक कंपनी दुसरीला विकत कशी घेते, हे मी तिथे शिकलो. तुम्हीपण ऐका, फुकट आहे.

ताईचा कान तुटलेला कप म्हणजे काडेपेटी. "पहिला रस्ता," वकीलबाई म्हणाल्या, "यातला चहा आपल्या मगात ओतून घ्यायचा आणि कप सोडून द्यायचा. म्हणजे गेम, नावं, कॉम्प्युटर, एकेक वस्तू विकत घ्यायची. पण मग तुमचे त्रेचाळीस करार नव्या नावावर न्यावे लागतील. काका गेले हातातून."

"नको."

"दुसरा रस्ता. कप आहे तसा उचलायचा. म्हणजे कंपनीचे सगळे शेअर सगळ्या भागीदारांकडून घ्यायचे. किती आहेत भागीदार?"

ताईने मान खाली घातली. "एकतीस. सुरुवातीला पगाराला पैसे नव्हते, मग जो मदतीला आला त्याला शेअर दिला. एक मामा आहेत, ते जहाजावर असतात. कुठल्या जहाजावर, ते मामीलाही माहीत नाही."

"म्हणून तिसरा." वकीलबाईंनी साखरेचा एक खडा उचलला. "मोठ्या कंपनीने एक रिकामी कंपनी काढून ठेवलीय. तिच्यात काही नाही, कुणी नाही. ती तुमच्या कंपनीत विलीन होते." आणि तो खडा कपात सोडला. "बहुतेक भागीदारांनी हो म्हटलं, की सगळ्यांचे शेअर एका झटक्यात मोठ्या कंपनीकडे जातात. ज्याचा त्याला मोबदला मिळतो, मामांचा बाजूला राहतो. आणि काडेपेटी जागच्या जागी. नाव तेच, करार तेच, घर तेच. फक्त मालक वेगळा."

"आणि साखरेचं काय?" कोपऱ्यातून आवाज आला.

"साखर गेली. विरघळायलाच आणली होती."

मित्रांनो, ती साखर म्हणजे मी. म्हणजे माझी कंपनी. तेव्हा मला कळलं, की आपण मरायलाच जन्माला आलोय. माझं तर डोकंच फिरलं. कुणी विचारलं मला?

कोपऱ्यातला तो आवाज किडामावशीचा. खरं टोपणनाव खोडकिडा, पण वयाचा मान ठेवून सगळे किडामावशी म्हणायचे. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टाची शिवण तपासायची. आता गेम तपासते. गेममध्ये कुठे भिंतीतून माणूस आरपार जातो, कुठे दार उघडतच नाही, असे 'बग', म्हणजे चुका, शोधायचं तिचं काम. खोडात शिरून भोक पाडल्याशिवाय तिला चैन नाही. काडेपेटीत एक नियम होता. किडामावशीची बरोबरची खूण झाल्याशिवाय कुठलीही गोष्ट दाराबाहेर जात नाही.

अठराव्या दिवशी सकाळी अकराला सगळे कागद आले. शंभराच्या वर पानं. मोठ्या कंपनीचे साहेब आले, कडक इस्त्रीचे, आल्या आल्या वायरीत पाय अडकून पडलेच. मग सह्या सुरू झाल्या आणि प्रत्येक सहीशेजारी मी. धप्प, धप्प. खरं सांगतो, मजा आली. पहिल्यांदाच कुणीतरी मला कामाला लावलं होतं.

आणि अठ्ठावन्नाव्या पानावर मी थबकलो. आम्ही शिक्के कागदावर नाक घासूनच जगतो, त्यामुळे आम्हाला सगळं वाचता येतं. तिथे लिहिलं होतं: विलीन झाल्यावर मागे उरणारी कंपनी, निळी बादली.

उलटं. सगळं उलटं झालं होतं. वकीलबाईंच्या ऑफिसने आधीच्या एका व्यवहाराचा कागद घेऊन त्यावर नवी नावं चढवली होती. त्या व्यवहारात नवी कंपनी उरायची होती आणि जुनी जायची होती. या पानावर ती अदलाबदल करायची राहून गेली. आता काडेपेटी विरघळणार आणि मी उरणार. त्रेचाळीस करार माझ्या नावावर येणार, म्हणजेच गोगलगाय जाणार. आणि हे कुणालाच दिसलं नव्हतं, कारण वकीलबाईंच्या ऑफिसात सगळ्यांनी तो कागद आधीच वीस-वीस वेळा वाचला होता. वीस वेळा वाचलेला कागद माणूस वाचत नाही, नुसता बघतो.

आता मी तुमच्याशी खोटं बोलत नाही. मला आनंद झाला. वाटलं, उरलो की राव आपण. वर्षानुवर्षं धप्प धप्प करायचं. त्या 'तातडीचे'ला सांगायचं, माझ्याकडे बारा माणसं आहेत. शिक्क्याला बोलता येत नाही हे खरं, पण आलं असतं तरी त्या वेळी मी बोललो नसतो.

चारच्या आत कागद नोंदणी कचेरीत पोचायचे होते. एकच्या सुमाराला साहेब कागदांची पिशवी उचलून निघाले, तर किडामावशी दारात उभी.

"हे बाहेर चाललंय ना?" ती म्हणाली. "मग आधी माझ्याकडे येणार."

साहेब म्हणाले, "बाई, हा गेम नाही."

"ते मी बघून सांगते."

"शंभर पानं आहेत. कोण वाचतं हो हे सगळं?"

"तुम्ही नाही, ते दिसलं," मावशी म्हणाली आणि पिशवी घेऊन बसली.

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "चहा घ्या. तिच्या वाटेला मीपण जात नाही."

मावशीची रीत वेगळी. तिने दोन रंगीत पेन्सिली काढल्या. जिथे काडेपेटीचं नाव दिसेल तिथे निळी रेघ, निळी बादली दिसेल तिथे लाल. "बादली निळी आणि रेघ लाल?" कुणीतरी विचारलं. "निळी पेन्सिल आधीच हातात होती," ती म्हणाली. आणि सुरुवात शेवटच्या पानापासून. गेमही ती तसाच तपासायची, उलटा चालून. पुढे चालताना माणूस बनवणाऱ्याच्या डोक्याने चालतो, मागे चालताना स्वतःच्या, असं तिचं म्हणणं. मी शेजारीच पडून होतो. मनात म्हणत होतो, मावशी, डोळे दुखतील, पुरे करा.

दोन वाजता गोगलगायवाले काका आले. बारीक माणूस, हातात छत्री, पायात वेगवेगळे मोजे. ताईसमोर बसले.

"आज विकतेस म्हणे."

"हो काका. पण तुमचं काही हलत नाही. शब्द दिलाय ना."

"तुझ्यावर विश्वास आहे गं. कागदावर नाही." काका छत्रीशी खेळत राहिले. "माझा पहिला गेम होता मुंगीचा. तो पब्लिशर दुसऱ्याने गिळला. नव्या लोकांनी माझी मुंगी कपाटात ठेवली. विकली नाही, परतही दिली नाही. मी फोन करायचो, तर म्हणायचे, कुठली मुंगी? माझी नात सहा वर्षांची होती, तिला म्हणालो होतो, दुकानात दाखवतो. आता तिचं लग्न झालं."

ते हसत हसत सांगत होते, म्हणूनच जास्त लागलं. ताईने त्यांच्यासमोर कप सरकवला. आणि मी तिथे, माझ्याच ठशाखाली त्यांची गोगलगाय दाबून बसलेलो. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. ज्या कंपनीत एक माणूस नाही, ती जगावी म्हणून बारा माणसांचं घर मोडायचं? मनात म्हणालो, मावशी, डोळे दुखले तरी चालतील. वाचा.

सव्वातीनला पेन्सिल थांबली.

"ताई," मावशी म्हणाली, "हिरो कोण आहे यात?"

"म्हणजे?"

"शेवटी जिवंत कोण राहायला पाहिजे?"

"आपण."

"मग अठ्ठावन्नाव्या पानावर आपण मेलोय. पुढच्या सगळ्या पानांवर उरणाऱ्या कंपनीला निळी रेघ आहे, इथे मात्र लाल उरते. एक तर हे पान चुकलंय, नाहीतर बाकीची."

वकीलबाई तावातावाने उठल्या. "मावशी, बावीस वर्षं हेच काम करतेय मी." त्यांनी पान ओढून घेतलं. वाचलं. परत वाचलं. मग खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या, तो काही पुसून संपेना.

"असू दे," मावशी म्हणाली. "बग कुणाकडून होत नाही? मी एकदा शंभर शर्टांना तिसरी बाही पास केली होती."

"शंभर?" काकांनी विचारलं.

"बरं, चार."

पहिले हसले ते साहेब. मग वकीलबाई, डोळे पुसत. ताईने मात्र ते पान दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. पाऊण तासात तिची काडेपेटी मोडली असती, आणि मोडणारा कागद तिने स्वतः सही करून दिला होता.

काका म्हणाले, "दाखव इकडे." त्यांनी ती लाल रेघ बघितली, आणि मावशीला म्हणाले, "तुम्ही माझ्या गोगलगायीत एकशे सोळा चुका काढल्या होत्या, तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात फार शिव्या दिल्या होत्या."

"माहीत आहे. तोंडावर दिसत होत्या."

त्या दिवशी कचेरी हुकली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी, अठ्ठावन्नावं पान नव्याने आलं. मागे उरणारी कंपनी, काडेपेटी. संपणारी कंपनी, निळी बादली. या वेळी साहेबांनी स्वतः बोट ठेवून वाचलं, अगदी पहिलीतल्या पोरासारखं. वकीलबाईंनी मला शाईत बुडवलं. माझंच नाव मिटवणारा तो कागद, आणि त्यावर मलाच उमटायचं होतं. सांगतो मित्रांनो, आयुष्यात इतका ठसठशीत मी कधी उठलो नव्हतो.

मावशीने कोपऱ्यात बरोबरची खूण केली, तेव्हा कुठे पिशवी दाराबाहेर गेली.

संपलेल्या कंपनीचा शिक्का कुणी वापरू नये म्हणून वकीलबाईंनी ब्लेडने माझ्या रबरावर फुली मारली. दुखलं नाही. मग त्या मला केराच्या टोपलीत टाकणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "मूठ चांगली आहे, द्या इकडे." तेव्हापासून मी तिच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसतो. काडेपेटीत आता नवे कॉम्प्युटर आहेत, माणसं बाराची पंधरा झालीत. ताई तीच, वायरी त्याच. काका महिन्यातून एकदा येतात. सध्या मुंगीचा गेम परत पहिल्यापासून बनवतायत. त्याचे कागद माझ्याखालीच असतात.

मित्रांनो, तुम्हालाही एक दिवस कुणीतरी कागद देईल आणि म्हणेल, नेहमीचंच आहे, कर सही. तेव्हा रागवू नका, घाबरू नका, एक पेन्सिल काढा आणि मधली पानं वाचा. पहिलं आणि शेवटचं पान सगळेच बघतात, म्हणून चूक तिथे राहायला जात नाही. आणि कुणी सावकाश वाचत बसलं असेल, तर त्याला हसू नका. त्याला चहा द्या. तो कदाचित तुमचंच घर वाचवत असेल.