तार काढल्यावर

बमरोलीच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात योगेश कॉम्प्युटरचं सगळं बघायचा, आणि आपल्यावाचून मिलचं पान हलत नाही अशी त्याची खात्री होती. शेठच्या लॅपटॉपवर त्याने लिनक्स घातलं होतं. इंटरनेटची तार लावली की लिनक्स आपणहून तारेवर चालतं, काढली की वायफायवर जातं. पण गप्प बसेल तो योगेश कसला! तार लागली की वायफाय पार बंद, अशी स्क्रिप्ट त्याने शनिवारी लिहून ठेवली.

सोमवारी परदेशी गिऱ्हाईक व्हिडिओवर असताना शेठ तार काढून लॅपटॉप कापडाच्या नमुन्यांकडे घेऊन गेले आणि मीटिंग तुटली. शेठ भडकले. योगेशच्या तोंडून पटकन निघालं, "भागीरथीमावशींनी झाडताना वायफायचा प्लग हलवला असेल." सगळं ऑफिस ऐकत होतं. शेठनी मावशींना त्याच मिनिटाला कामावरून काढलं.

दुपारी योगेशने वायफायच्या राऊटरमधल्या आणि लॅपटॉपमधल्या नोंदी उघडल्या. राऊटर क्षणभरही बंद पडला नव्हता. तार निघाल्यावर वायफाय परत चालू करायची ओळच त्याने लिहिली नव्हती. त्याचे कान तापले. ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं. आता गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नाही, असं मनात आलं, आणि ते आलं याचीच त्याला जास्त लाज वाटली.

केबिनचं दार लोटून घेऊन त्याने शेठना खरं सांगितलं. शेठ हसून गुजरातीत म्हणाले, "अरे, माणस छे, भूल थाय. बाईने पाछी बोलावी ले."

त्याची चूक माफ, आणि बाईंना फक्त परत बोलवायचं! योगेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिशोबाचे पैसे घ्यायला थांबलेल्या मावशी गेटपाशी डबा पिशवीत घालत होत्या. त्या योगेशच्याच तालुक्यातल्या, धरणगावकडच्या. तो मात्र ऑफिसात त्यांच्याशी हिंदीतच बोलायचा. त्याने तोंड उघडायच्या आत त्याच गावच्या बोलीत म्हणाल्या, "मनाच हात लागना व्हई, भाऊ. तू शिकेल माणूस, खोटं का बरं बोलशी?"

मावशी दोष स्वतःवरच घेतायत हे पाहून योगेशने मान खाली घातली. "नही मावशी, चूक मनी व्हती. शेठले सांगी दिधं. तुमी कामवर या."

"कोठे सांगं?"

"केबिनमा."

मावशींनी पिशवीचं तोंड बांधलं. मग सावकाश म्हणाल्या, "मनं नाव तर सगळासमोर लिधं व्हतं ना, भाऊ?"