डावी नाकपुडी

संक्रांतीला आलेल्या हाजराबाईच्या पत्राला भिकाजी कंपौंडरांनी उत्तर दिलं नव्हतं. दवाखान्यातल्या औषधांच्या जाड पुस्तकात ते पत्र पडून होतं. रोज पुस्तक उघडायचं, पत्र वाचायचं आणि पुन्हा मिटायचं, असं पंधरा दिवस चाललं होतं.

हाजराबाई हर्णेची, सुक्या मासळीची व्यापारीण. मूठभर सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, नाकाशी धरायची आणि माल पुरता वाळलाय की आतून ओला आहे, हे क्षणात सांगायची. दिवाळीत तिला सर्दी झाली, तेव्हा तिचा नवरा मुसा, बोटीवरचा खलाशी, भिकाजींकडून नाकात घालायचे थेंब घेऊन गेला. तेव्हापासून दर पंधरवड्याला तो रिकामी बाटली भरून नेत होता. तिने लिहिलं होतं, ‘काका, थेंब घातले की नाक घडीभर उघडतं, मग आधीपेक्षा घट्ट बंद. वास येतच नाही. शिमग्यानंतर पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी सुरू होईल. नाकच गेलं तर बाजारात मला कोण विचारतो? सोबत नवे सोडे पाठवलेत. पुरते वाळलेत का, वास घेऊन सांगा.’

सोड्यांची पुडी भिकाजींनी चार वेळा नाकाशी नेली. काही कळलं नाही. त्यांच्याही कोटाच्या खिशात तीच बाटली होती, आणि हे अख्ख्या रत्नागिरीत कोणाला ठाऊक नव्हतं.

“काय कंपौंडरसाहेब, जबाब?” मुसा पुन्हा हजर झाला. “बायको म्हणते, काकांचं उत्तर आणल्याशिवाय घरात पाऊल ठेवू नका. मी काय बोटीवरच म्हातारा होऊ?”

“पुढच्या खेपेला,” भिकाजी पुटपुटले. बाटली भरताना त्यांनी तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं आपलंच अक्षर वाचलं : ‘नाक बंद झाल्यास दोन थेंब.’ किती दिवस, ते लिहिलंच नव्हतं.

मुसा गेल्यावर त्यांनी पुस्तकातलं त्या थेंबांचं पान ओळ न् ओळ वाचलं. नाकाच्या आतल्या कातडीत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. सर्दीत त्या फुगतात, कातडी सुजते, वाट बुजते. थेंबांतलं औषध त्या वाहिन्या आवळतं, म्हणून वाट मोकळी होते. जोर सरला की त्या पुन्हा सैल पडतात, आणि आठवडेच्या आठवडे आवळत राहिलं तर आधीपेक्षा जास्त फुगून बसतात. म्हणजे सर्दी केव्हाच गेली होती. उरलं होतं ते थेंबांनीच आणलेलं दुखणं. थेंब सोडायला हवेत, पण दोन्ही नाकपुड्या एकदम बंद पडल्या तर माणूस तगमगतो. भिकाजींनी तीनदा सोडून पाहिले होते, आणि तिन्ही वेळा हात बाटलीकडे गेला होता.

एकच नाकपुडी सोडली तर? दुसरीतून श्वास चालू राहील. पण हे सांगणारे आपण कोण? आधी आपल्या नाकावर बघावं.

“विमला,” ते घरी बायकोला म्हणाले, “आजपासून डावीत थेंब नाही.”

“कोणाच्या डावीत?”

त्यांनी खिशातली बाटली पुढे ठेवली.

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“अगो बाई! आणि मी मेली रोज विचारतेय, आमटी कशी झालीय. काय सांगायचात? म्हणे झकास!”

चार दिवस डावी नाकपुडी चिऱ्याच्या भिंतीसारखी बंद होती. विमला रोज सकाळी विचारायची, “दार उघडलं का हो?” सहाव्या दिवशी आत बारीक शिट्टी वाजली. नवव्या दिवशी ओटीवर बसून त्यांनी उजवी नाकपुडी बोटाने दाबली, श्वास घेतला आणि ओरडले, “विमला, खोबरं करपतंय!”

ती उलथनं घेऊनच बाहेर आली. “तुम्हाला वास आला?”

“आला! अगो, खोबरं बघ आधी!”

“करपू दे मेलं!” विमला म्हणाली आणि हसत खाली बसली.

भिकाजींनी पुडी आणली. उजवी दाबून हुंगली. समुद्र होता, ऊन होतं, आणि तळाशी किंचित दमट काहीतरी. आपलं चुकत असेल म्हणून पुडी त्यांनी विमलापुढे धरली.

“ओलसर आहेत,” ती म्हणाली. “आणखी दोन उन्हं हवीत.”

एरवी चार कागद फाडणाऱ्या भिकाजींनी त्या दिवशी एका बैठकीत उत्तर लिहिलं : ‘हाजराबाई यांस सलाम. चूक माझी आहे. हे थेंब तीन-चार दिवसांपुरतेच. आता डाव्या नाकपुडीत घालणं आजच थांबवा, उजवीत चालू ठेवा. डावी उघडली की उजवीतलेही बंद. आठ-दहा दिवस जड जातील, धीर सोडू नका. माझंही नाक असंच गेलं होतं, मी सोडला नाही. सोडे दमट आहेत, दोन उन्हं द्या. तुमच्या खरेदीआधी नाक परत येईल.’

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी कागद वाचला, बॅटरी लावून भिकाजींच्या दोन्ही नाकपुड्या पाहिल्या आणि म्हणाले, “बरोबर आहे. पाठवा.”

मुसाची वाट बघायची तर आठवडा फुकट गेला असता, आणि तेवढ्यात आपला धीरही. भिकाजी तडक टपाल कचेरीकडे निघाले. सकाळपासून थेंब न पडल्याने उजवी नाकपुडी आता बंद झाली होती. डावीतून मात्र वाटभर वास येत होते : कुणाच्या चुलीचा धूर, बंदरावरची मासळी, आणि हातातल्या पाकिटाची ओली खळ. पाकीट पेटीत पडलं तसा त्यांनी कोटाचा खिसा चाचपला. बाटली घरीच राहिली होती.